वाचकांचे प्रश्न : कोणत्या गावाचा पोशाख कोणत्या दिवशी पाहावा?

या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांमध्ये पोशाखाविषयीची पत्रे इतकी आहेत की सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. एका गावातून दुसऱ्या गावी गेलेल्या मराठी माणसाला तिथले कपडे पाहून पडलेले हे प्रश्न आहेत. बहुतेक पत्रे बडोद्याहूनच आली आहेत, आणि मीही बडोद्यातच राहत असल्यामुळे उत्तरांमध्ये या गावाविषयीची माया दिसली, तर वाचकांनी ती समजून घ्यावी.

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून बडोद्यात आलो. इथे रविवारी सकाळी मंडळी घरातल्याच पायजम्यात आणि स्लिपरमध्ये फाफडा-जलेबीच्या रांगेत उभी असतात, बँकेतही तशीच येतात. आणि तीच मंडळी नवरात्रात किंवा लग्नात अशी नटलेली असतात की शेजारीसुद्धा ओळखू येत नाहीत. पुण्यात असा टोकाचा फरक मी पाहिला नव्हता. इथल्या लोकांना कपड्यांची हौस कमी आहे की जास्त, हेच मला कळेनासे झाले आहे. (एक वाचिका, कारेलीबाग)

उत्तर : ताई, आपली दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. प्रत्येक गाव आपली हौस वर्षातल्या ठरावीक दिवसांसाठी राखून ठेवते आणि उरलेले दिवस सोयीने काढते. हे राखीव दिवस गावागणिक वेगळे असतात, आणि नवा माणूस मात्र आपल्या गावचे पंचांग हातात घेऊन दुसऱ्या गावाला जोखायला निघतो. पुण्यात रोजचा दिवसही थोडा जपला जातो, भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा इस्त्रीचा सुती ड्रेस घालते, हे खरे आहे. पण पुण्याची खरी ठेवण पाहायची असेल, तर ती दिवाळी पहाटेच्या मैफलीत किंवा डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवात पाहावी. 1953 मध्ये सुरू झालेल्या त्या महोत्सवाच्या मंडपात कपाटातल्या शाली, रेशमी कुर्ते आणि आजीच्या इरकली साड्या एकदम बाहेर येतात. गिरगाव आणि डोंबिवली गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवारी आणि फेटे काढतात, कोलकाता दुर्गापूजेसाठी नवे कपडे घेते, आणि मुंबई आपला बराचसा नीटनेटकेपणा सोमवार ते शुक्रवारच्या कचेरीवर खर्च करते.

बडोद्याने यासाठी नवरात्र आणि लग्नसराई निवडलेली आहे. गणपती विसर्जन झाले की एखाद्या संध्याकाळी नवाबाजारात किंवा मंगळबाजारात अवश्य फेरी मारा. दुकानांबाहेर चनिया-चोळ्या टांगलेल्या असतात, आणि बायका आधी रंग पाहत नाहीत, घेर पाहतात. दुकानदार चनिया दोन्ही हातांनी पसरून दाखवतो, कारण गरब्यात गिरकी घेताना तो किती उघडेल, यावर त्याची किंमत ठरते. नंतर आभल्यांची पारख होते. हाताने लावलेल्या आभल्याच्या सभोवती दोऱ्याची घट्ट चौकट विणलेली असते. नुसत्या डिंकाने चिकटवलेली आभली घामाने आणि घेराच्या फटकाऱ्याने सुटू लागतात, म्हणून जाणत्या बायका कापड उलटे करून मागचे टाके तपासतात. पुरुषही मागे नसतात. केडियाच्या, म्हणजे गरब्यात घालायच्या आखूड घेरदार अंगरख्याच्या, छातीखालच्या चुण्या आणि त्यांवरचे भरतकाम ते तितक्याच बारकाईने निवडतात. बडोद्याच्या मोठ्या गरब्यात हजारो माणसे एकाच दिशेने वर्तुळात फिरत असतात, त्यामुळे इथला नट्टापट्टा हा बसून दाखवायचा नसून फिरताना दिसायचा असतो. गुजरातच्या गरब्याचा समावेश डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला, तेव्हा या गावाला झालेला आनंद मनापासूनचा होता. नऊ रात्रींसाठी केलेल्या त्या मेहनतीची जगाने दखल घेतली असे त्यांना वाटले.

रोजच्या साधेपणालाही कारणे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि तेव्हा सैल सुती कपड्यांखेरीज दुसरे काही अंगावर सहन होत नाही. बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ खत आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले. अशा कारखान्यांत काम करणाऱ्या घरांमध्ये दिवसाचा पोशाख कंपनीच ठरवते. आगीच्या धोक्यामुळे तिथे वितळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावे लागतात, जाड सुती गणवेश आणि लोखंडी टोकाचे बूट घालावे लागतात. आठ तास त्या बुटांत काढलेला माणूस संध्याकाळी स्लिपर घालून दूध आणायला निघाला, तर त्यात गबाळेपणा कसला? व्यापारी पेठेतल्या माणसाचीही तीच गोष्ट आहे. गादीवर मांडी घालून दिवस काढणाऱ्याला कडक पँट आणि पट्टा अडचणीचाच होतो, आणि त्याची पत त्याच्या कपड्यांवर मोजली जात नाही हे त्याच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असते.

एका प्रसंगी मात्र हेच लोक पुण्यापेक्षाही काटेकोर असतात, आणि नव्या माणसाने ते आधीच माहीत करून घ्यावे. कोणाकडे मृत्यू झाला की गुजराती कुटुंबांत बेसणे, म्हणजे सांत्वनाला एकत्र बसण्याचा कार्यक्रम, ठेवतात, आणि त्याला पांढरे किंवा अगदी फिके कपडे घालूनच जायचे असते. आपल्याकडे दुखवट्याला भडक रंग टाळले की पुरते. इथे पांढरे कपडे हा मृताच्या घराला दिलेला मान समजला जातो आणि प्रत्येक घरात त्यासाठी एक जोड वेगळा ठेवलेला असतो. आपणही एक ठेवावा. ज्या गावाला दुःखाच्या वेळी कपड्यांचे इतके भान आहे, त्याला निष्काळजी म्हणणे मला मान्य नाही. तरीही या गावाची एक सवय मला पटत नाही, ती म्हणजे मुलांच्या शाळेत पालकसभेला बर्मुडा घालून जाणे. समोरच्या शिक्षिका नीट साडी नेसून, केस बांधून आपल्या मुलाविषयी बोलायला उभ्या असतात, आणि त्यांच्यापुढे आपण झोपेतून उठून आल्यासारखे बसणे योग्य नाही.

प्रश्न : मी बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. काळा कोट थंड मुलखातल्या लोकांनी ठरवलेला आहे, आणि मे महिन्यात तो अंगावर ठेवणे कठीण होते. सवलत आहे का? (एक वकील वाचिका)

उत्तर : आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. गळ्याचे पांढरे बँड आणि बाकीचा विहित पोशाख मात्र ठेवावा लागतो. अहमदाबादला उच्च न्यायालयात काम असेल त्या दिवशी कोट सोबत न्यावा.

प्रश्न : माझी सून गुजराती आहे, गुणी आहे. गौरींच्या जेवणाला ती मी दिलेली पैठणी नेसली, पण गुजराती पद्धतीने, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन. माझ्या नणंदांनी नाके मुरडली. मी काही बोलले नाही, पण मलाही ते खटकले. पैठणी अशी नेसणे बरे दिसते का? (एक वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : आपण त्या क्षणी काही बोलला नाहीत, हे फार चांगले केलेत. आधी कापडाचे पाहू. पैठणीचा पदर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी विणलेला असतो, म्हणून हातमागाच्या अस्सल पैठणीत पदराची नक्षी उलट आणि सुलट बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडला काय किंवा उजव्या खांद्यावरून पुढे घेतला काय, त्याचे टोक खालीच राहते, त्यामुळे मोर कुठेही उलटे होत नाहीत. फरक एवढाच पडतो की आपल्या पद्धतीत पदर पाठीवर जातो आणि तो मागून चालणाऱ्याला दिसतो, तर गुजराती पद्धतीत तो छातीवर पसरून डाव्या कमरेला खोचतात, त्यामुळे समोर बसलेल्याला संपूर्ण नक्षी दिसते. विणकराने पदरावर घालवलेले महिने लक्षात घेतले, तर या पद्धतीत त्याच्या कामाचे काही कमी होत नाही.

आता मनाचे पाहू, कारण आपल्याला खटकले ते तिथे. गुजराती लग्नात सासरची मंडळी नववधूला घरचोळा देतात. लाल किंवा हिरव्या कापडावर जरीच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत बांधणीची नक्षी अशी ती साडी असते. बावन्न चौकटींच्या घरचोळ्याला बावन बाग म्हणतात. सासूने दिलेला हा घरचोळा मुलगी पदर पुढे घेऊनच नेसते, आणि सणावाराला जपून काढते. आपण तिला पैठणी दिलीत, आणि तिने ती नेमक्या त्याच रीतीने नेसली. माझ्या मते तिने पैठणीला आपल्या मनातल्या घरचोळ्याच्या जागी बसवले आहे, आणि सासूने दिलेल्या वस्त्राला याहून मोठा मान ती कोणता देणार?

नणंदांचे नाक मुरडणे थांबवायचे असेल, तर पुढच्या वर्षी गौरींना साडी नेसवण्याचे काम सुनेच्या हाती द्या आणि आपण शेजारी बसा. उभ्या गौरीला नऊवारी नेसवताना निऱ्या कशा धरायच्या, काष्टा कुठून घ्यायचा आणि पदर कुठे टाचायचा, हे बोलून शिकवण्यापेक्षा हात धरून शिकवलेले टिकते. आणि एकदा गौरीला नेसवता आले की स्वतः नेसण्याची इच्छा आपोआप होते. तोपर्यंत एक काळजी तिला जरूर सांगावी. जरीचा पदर जड असतो आणि पुढे खोचल्यावर खांद्यावरच्या पिनेवर ओढ येते, म्हणून रेशमाच्या मागे सुती कापडाचा लहान तुकडा ठेवून त्यातून पिन घालावी, म्हणजे रेशीम फाटत नाही.

प्रश्न : पुण्या-मुंबईची आमची भावंडे भेटली की एकच टोमणा मारतात, की बडोद्याचे मराठी लोक कपड्यांत पुरते गुजराती झाले, त्यांचे मराठीपण आता आडनावापुरते उरले. याला काय उत्तर द्यावे? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : भांडण न करता त्यांना जुन्या पगड्या आठवायला सांगावे. मराठी माणसाचा एकच पोशाख कधी नव्हता. अठराव्या शतकात मराठे देशभर पसरले, तेव्हा पुण्याची पगडी वेगळी होती, ग्वाल्हेरची शिंदेशाही वेगळी, इंदूरची होळकरशाही वेगळी आणि बडोद्याची गायकवाडी वेगळी. डोक्यावरून माणूस कोणत्या दरबारचा हे कळत असे, आणि कोणीही दुसऱ्याला कमी मराठी म्हणत नसे. भौगोलिक निर्देशांकाची नोंद पुणेरी पगडीला 2009 मध्ये मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण ती त्या एका पगडीची नोंद आहे, सगळ्या मराठी डोक्यांची नव्हे.

भावंडांच्या कपाटातल्या साड्याही जरा आठवून पाहा. महेश्वरी साडीचा संबंध अहिल्याबाई होळकरांशी आहे. त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वरला विणकर आणून वसवले. चंदेरी ज्या गावची, ते गाव ग्वाल्हेर संस्थानात होते. या दोन्ही साड्या पुण्यातल्या बायका आपल्या म्हणूनच नेसतात आणि त्यात चूक काहीच नाही, पण त्या ज्या दरबारांनी जोपासल्या, ते महाराष्ट्राच्या बाहेरचे होते. बृहन्महाराष्ट्राने, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलखाने, मराठी पोशाखात भर घातलेली आहे. केवळ बाहेरून घेतले आहे असे नाही.

बडोद्यापुरते बोलायचे, तर एकाच घरातल्या तीन माणसांची उदाहरणे पुरेशी आहेत. सयाजीराव महाराज 1911 च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांच्या झगमगाटात दागिन्यांविना, साध्या पांढऱ्या पोशाखात बादशहासमोर गेले, आणि त्यावरून ब्रिटिशांनी मोठे काहूर माजवले. त्या दिवशी त्यांचा साधेपणा हा त्यांचा सगळ्यांत बोलका पोशाख होता. त्यांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई, ज्यांनी जाहीरपणे पडदा सोडला आणि 1927 मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले, त्यांच्या तसबिरींमध्ये नऊवारी दिसते. आणि त्यांची मुलगी इंदिरादेवी, जी पुढे कूचबिहारची महाराणी झाली, तिने फ्रान्समधून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसल्या आणि ती चाल देशभर पसरवली. वडील, आई आणि मुलगी यांतल्या कोणाला कमी मराठी म्हणणार? याच महाराजांनी राजा रविवर्म्यांना बडोद्यात बोलावून राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे काढून घेतली. पुढे रविवर्म्यांच्या छापील तसबिरी घरोघरी गेल्या, आणि साडी नेसलेली लक्ष्मी व सरस्वती आपल्या देवघरात कायमच्या बसल्या.

आपल्या भावंडांना हेही प्रेमाने सांगावे, की इथल्या मराठी मुली नवरात्रात चनिया-चोळी घालतात आणि गणपतीत नऊवारी नेसतात. पुण्यातल्या मुलीच्या कपाटात यांतले किती सापडेल, हे त्यांनीच पाहावे.

प्रश्न : महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकी पूर्ण करून मी बेंगळुरूला नोकरीसाठी जात आहे. आई चार सूट शिवायला निघाली आहे. मित्र म्हणतात की तिथे टी-शर्टच चालतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : संगणक क्षेत्रातल्या कचेरीत जाणार असाल, तर मित्रांचे ऐकावे. तिथल्या बहुतेक कचेऱ्यांत कॉलरचा टी-शर्ट आणि जीन्स हा रोजचा पोशाख आहे आणि वरिष्ठही तोच घालतात. आईंना सांगा की एकच सूट शिवावा, पण तो रावपुऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून नीट मापाचा शिवावा, कारण मुलाखत, ग्राहकाशी भेट आणि मित्राचे लग्न या तिन्ही वेळी तोच उपयोगी पडेल. उरलेल्या पैशांत एक हलके जॅकेट आणि चांगली छत्री घ्यावी. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि बडोद्याच्या माणसाला तिथली संध्याकाळ वर्षातले बरेच महिने गार वाटते. हीच नोकरी मुंबईच्या एखाद्या बँकेत असती, तर मी आईंची बाजू घेतली असती, पण दमट हवेमुळे आणि लोकलच्या गर्दीमुळे सूटऐवजी पातळ सुती शर्ट जास्त शिवायला सांगितले असते.

प्रश्न : आमच्या भाच्याचे लग्न चेन्नईच्या मुलीशी ठरले आहे. मुलीकडचे म्हणतात, वरपक्षाच्या पुरुषांनी वेष्टी नेसावी. हे शेरवानी शिवून बसले आहेत आणि लुंगीसारखे काही नेसायला तयार नाहीत. काय करावे? (एक वाचिका, वाडी)

उत्तर : आपल्या यजमानांनी वेष्टी नेसावी, आणि आनंदाने नेसावी. तमिळनाडूत वेष्टी हा मानाचा पोशाख आहे, तिला घरात गुंडाळायच्या लुंगीच्या रांगेत बसवणे त्या लोकांना लागते. 2014 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना केवळ वेष्टी नेसल्यामुळे चेन्नईतल्या एका क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा सगळ्या पक्षांनी त्याचा निषेध केला आणि त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेने अशी बंदी बेकायदा ठरवणारा कायदा केला. ज्या वस्त्रासाठी एका राज्याने कायदा केला, ते वस्त्र नेसण्याचा आग्रह म्हणजे आपल्याला घरचे मानल्याची खूण आहे.

नेसणे अवघड नाही. आपल्या धोतरासारखा काष्टा तिला नसतो; लग्नासाठी पांढरी किंवा मोतिया, जरीकाठाची दुहेरी वेष्टी घ्यावी, जी साधारण साडेतीन मीटरहून थोडी जास्त असते, आणि सुटण्याची भीती असेल तर आता कमरेला चिकटपट्टी लावलेल्या तयार वेष्ट्याही मिळतात. चालताना ती गुडघ्यापर्यंत दुमडून घेण्याची तिकडे पद्धत आहे, पण वडीलधाऱ्यांसमोर आणि देवळात ती खाली सोडलेली असावी, एवढे त्यांना सांगून ठेवा. मुहूर्त बहुधा सकाळी लवकरचा असतो, तेव्हा वेष्टी आणि आपली पैठणी आदल्या रात्रीच काढून ठेवावी. शेरवानीही वाया जाणार नाही. तमिळ लग्नात स्वागतसमारंभ वेगळा असतो, पुष्कळदा तो मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळीच होतो, आणि तिथे ती घालता येईल. तो केव्हा आहे हे मुलीकडच्यांना आत्ताच विचारून त्याप्रमाणे बॅग भरावी.